बत्तीसचा पाना आणि मामाजींची हयात

तीर्थस्वरूप मामाजी रामसिंग राठोड यांच्या पायाशी वणीहून जावई गोपालचा वाकून जय सेवालाल.

तीर्थस्वरूप हा शब्द मी मुद्दाम पूर्ण लिहिला आहे. लोक ‘ती. स्व.’ असं तोडून लिहितात, पण त्यातलं ‘स्व.’ तुमच्या नावाआधी काढायला सध्या माझा हात धजावत नाही. कारण पुढे कळेलच. आधी तब्येत कशी आहे ते सांगा. बीपीची गोळी सकाळची सकाळीच घेता ना? गुडघ्याला तेल लावता का? मोटारपंप बिघडला तर विहिरीत स्वतः उतरू नका, कोणाला तरी उतरवा आणि काठावरून त्याला शिव्या द्या (त्यात तुमचा हात कोणी धरू शकत नाही). तुरीत रानडुकरं शिरली तर त्यांच्यामागे धावू नका, खाऊ द्या त्यांना. तुम्ही शंभर वर्षं जगावं अशी आम्हा सगळ्यांचीच इच्छा आहे, पण माझी इच्छा सगळ्यांपेक्षा थोडी जास्त आहे आणि तिला तारीखही आहे. निदान येत्या सोमवारपर्यंत तरी तब्येतीला काही होऊ देऊ नका.

सोमवारी काय आहे ते आधीच सांगून टाकतो. सोमवारी सकाळी अकरा वाजता तुम्हाला यवतमाळला बबनरावांच्या दुकानात यायचं आहे. तेच बबनराव, ज्यांच्याकडून तुम्ही अठ्ठ्याण्णव साली बलदंड छाप पान्यांची पेटी घेतली होती. तिथे कंपनीचा माणूस बसलेला असेल, त्याच्यासमोर आधारकार्ड घेऊन उभं राहायचं आहे. बोलायचं काही नाही, नुसतं हयात असायचं आहे. तुम्ही आलात तर पेटीतल्या सगळ्या पान्यांची जन्मभराची हमी वाचते. नाही आलात तर ती कायमची बंद होते आणि कंपनीच्या कॉम्प्युटरात तुमच्या नावापुढे जे लिहून ठेवलं आहे तेच खरं धरलं जातं. काय लिहिलं आहे ते सांगायला मला थोडा दम घेऊ द्या.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. मामाजी, तुम्ही फोनवर ‘हॅलो’च्या आधी ‘मुद्द्यावर ये’ म्हणता, आणि हा मुद्दा असा आहे की त्याच्यावर थेट आलो तर तुम्ही फोन तसाच टाकून काठी घेऊन वणीच्या बसमध्ये बसाल. पत्रात माणूस आपल्या चालीनं येतो. एक विनंती, हे पत्र एकट्यानं वाचा. मामीजी शेजारी असतील तर त्यांना चहा ठेवायला लावा, आणि दोन-चार दिवस अनोळखी नंबरचे फोन घेऊ नका म्हणावं. घाटंजीच्या बाजारात कोणी तुम्हाला पाहून दचकलं, किंवा लांबूनच हात जोडून डोळे मिटले, तर त्याला काही विचारत बसू नका. रामराम करा आणि भाजी घेऊन घरी जा.

तर मामाजी, बत्तीसचा रिंग पाना तुटला.

(लिहिलं एकदाचं. हे वाक्य लिहायला मला दोन कप चहा लागला.) तुम्ही गॅरेजच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या त्याला चार वर्षं झाली. त्या दिवशी तुम्ही मुलगी देताना जेवढं बोलला नव्हतात तेवढं त्या पेटीबद्दल बोललात, हे मी उर्वशीला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी प्रत्येक पाना डिझेलच्या फडक्यानं पुसायचा, आपल्या जागी ठेवायचा, कोणाला उसना द्यायचा नाही, आणि सगळ्यात मोठा कायदा म्हणजे पाइप लावायचा नाही. नट हलत नाही म्हणून पान्याच्या दांड्याला लोखंडी पाइप जोडून जोर वाढवणाऱ्या माणसाला तुम्ही मेकॅनिक मानतच नाही. ‘पान्याले पाइप लावला म्हंजे त्याची मान मुरगाळली समज,’ हे तुमचं वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या हाताखाली शिकायला आलो त्या पहिल्या दिवशी ऐकलं आणि त्यानंतर रोजच ऐकत आलो.

पेटीची थोरवी मला कळली ती मात्र पेटी बाजूला ठेवल्यावरच. मध्यंतरी मला वाटलं, उस्तादांचे पाने रोज कशाला झिजवायचे, बाजारातून एक साधा संच घ्यावा. घेतला. तो किलोवर मिळत होता, तिथेच मला शहाणं व्हायला हवं होतं. त्यातला चौदाचा पाना तेराच्याही नटाला बसायचा आणि पंधराच्याही, इतका मनमिळाऊ. दुसऱ्या दिवशी त्याचा जबडा पसरला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या हाताची सालं निघाली. मग मुकाट्यानं तुमची पेटी उघडली. बलदंडचा पाना नटावर ठेवला की तळहाताला कळतं, बसला म्हणून. जोर लावला की तो जोर नटापर्यंत जातो, मध्ये कुठे सांडत नाही. पंचवीस वर्षांहून जास्त कोळशाच्या टिप्परांशी झुंजलेला पाना, आणि त्याच्यावरचं नाव अजून बोटानं वाचता येतं. माझ्या लग्नातल्या भांड्यांवरची नावं कधीच पुसली गेली. कारखान्यात बसून हे लोखंड कोणी शिजवलं असेल त्याला एकदा घरी बोलावून जेवू घालावं असं मला खरोखर वाटतं.

तर झालं असं की लखीरामचा टिप्पर आला. लखीराम म्हणजे तोच, खाणीवर चालतो, तुम्ही ज्याला ‘ब्रेक कमी अन् हॉर्न जास्त’ म्हणायचात. मागच्या स्प्रिंगची कमान बसली होती आणि ती आवळणाऱ्या यू-बोल्टचा नट असा गंजून बसला होता की त्याच्यात आणि कोळशात फरक उरला नव्हता. डिझेल टाकलं, ठोकून पाहिलं, तापवून पाहिलं. शेवटी बत्तीसचा रिंग पाना लावला, पाय रोवले आणि तुम्ही शिकवलं तसा अंगाचा भार हळूहळू टाकला. (पाइप लावलेला नाही.) एकदाच आवाज आला आणि पान्याची रिंग नटावर राहिली, दांडा माझ्या हातात आला, आणि मी लखीरामच्या मांडीवर जाऊन बसलो. गॅरेजमध्ये कोणी हसलं नाही. लखीरामनं डोक्यावरची टोपी काढली. तो तुम्हाला काही वेगळं सांगायला आला तर त्याचं ऐकू नका, त्याला चष्म्याचा नंबर आहे आणि तो चष्मा लावत नाही.

पेटीच्या झाकणाच्या आत तुम्ही कंपनीचं हमीचं कार्ड आणि बिल प्लास्टिकमध्ये घालून चिकटवून ठेवलंय, ते मी काढलं. हमी हयातभराची. पाना तुटला, तर जुना द्या, नवा घ्या. (पाइप लावलेल्या पान्याला हमी नाही असंही त्यात आहे, पण तो आपला प्रश्नच नाही.) चौकशी केली तर कळलं की कंपनीचा माणूस दर महिन्याच्या एका सोमवारी बबनरावांच्या दुकानात बसतो. मागच्या महिन्यात मी पान्याचे दोन्ही तुकडे खंडेनवमीच्या पूजेच्या लाल फडक्यात गुंडाळले, मांडीवर ठेवले आणि एसटीत बसलो. मारेगाव सोडल्यावर शेजारच्या बाईंनी माझा चेहरा पाहिला, फडकं पाहिलं आणि हळूच विचारलं की घरातलं कोण गेलं. मी म्हटलं, घरातलंच समजा. त्यांनी यवतमाळपर्यंत मला खिडकी दिली.

दुकानात रांग होती. कंपनीचा माणूस म्हणजे इंद्रजित, लुधियानाकडचा, पन्नाशीतला, पांढरा शर्ट, खिशात भिंग. मामाजी, माणूस पाहावा तर असा. माझ्यापुढे एकाची पकड होती, विजेच्या तारेला लागून तोंड जळलेली. इंद्रजितनं ती घेतली, पण आधी त्या माणसाचा हात पाहिला, हात शाबूत आहे म्हटल्यावर नवी पकड काढून दिली. दुसऱ्यानं पेचकस आणला होता, त्याचं डोकं हातोडीनं ठोकून ठोकून कमळासारखं फुललेलं. त्याला नवा नाही दिला, पण रागावलाही नाही. पेचकस आणि छन्नी यांतला फरक त्यानं इतक्या प्रेमानं समजावला की त्या माणसानं जाताना नवी छन्नी विकत घेतली. तिसऱ्याचा पाना या कंपनीचा नव्हताच. त्याला चहा पाजला. आपण तलाठ्याकडे जातो, बँकेत जातो, दवाखान्यात जातो, कुठे आपल्याला आधी ‘बसा’ म्हणतात ते सांगा. इथे तुटलेला पाना घेऊन आलेल्या माणसाला खुर्ची होती.

माझा नंबर आला. मी फडकं सोडलं. इंद्रजितनं दोन्ही तुकडे दोन्ही हातांनी घेतले, शिक्का वाचला, वर्ष ओळखलं आणि दांड्यावरून अंगठा फिरवत म्हणाला की इतकी देखभाल केलेला पाना त्यानं या जिल्ह्यात पाहिला नाही. माझी छाती फुगली. मग त्यानं भिंग लावून तुटलेली जागा पाहिली, बराच वेळ पाहिली आणि भिंग खिशात ठेवलं. बिल पाहिलं. खरेदीदार रामसिंग राठोड. मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, जावई. आणि मग त्यानं विचारलं, मालक हयात आहेत का.

मामाजी, इथे माझी चूक झाली, पण ती का झाली ते समजून घ्या. आमच्या बाबांच्या नावावरचं शेत माझ्या नावावर करायला मी गेले आठ महिने तलाठी कार्यालयात फेऱ्या मारतोय. तिथे मी एकच गोष्ट शिकलो, की मालक हयात असेल तर दुसऱ्या कोणाला तिथे उभं राहण्याचाही हक्क नाही. ‘मालक जित्ता आहे? मग तुमी कायले आले?’ असं म्हणून माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माणसं परत पाठवली आहेत. मालक गेला, वारसाचं नाव लागलं, फेरफार झाला, की मग सगळं सुरळीत. ते डोक्यात इतकं भिनलं होतं की इंद्रजितनं ‘हयात’ शब्द काढल्याबरोबर मला वाटलं, आता हा म्हणणार की मालकालाच आणा. मी ‘नाही’ असं तोंडानं म्हटलं नाही. मी फक्त मान खाली घातली आणि म्हटलं, वारस मीच.

पुढचं सगळं माझ्या हातात राहिलं नाही. बबनराव गल्ल्यावरून उठले. त्यांनी हातातली पावती खाली ठेवली, माझ्याजवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘असा कारीगर पुन्हा होत नाही, गोपाल.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण बबनरावांसारख्या माणसाला रडायला लावून मग ‘तसं नाही, ते घाटंजीला हरभऱ्याला पाणी देतायत’ हे कोणत्या तोंडानं सांगावं? त्यांनी शटर अर्धं ओढलं. दुकानातले सगळे मेकॅनिक उभे राहिले. दोन मिनिटं शांतता. मग एकेक जण तुमच्याबद्दल बोलू लागला. बबनरावांनी सांगितलं की पेटी घेतल्यावर आठव्या दिवशी तुम्ही वणीहून परत आला होतात, कारण पेटीत सतराचा पाना चुकून दोनदा आला होता आणि एकाचेच पैसे घेतले होते. पुसदच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सांगितलं की त्याचा ट्रक भर उन्हात बंद पडला तेव्हा तुम्ही आपली गाडी थांबवून, कोणी न बोलावता, त्याच्या गाडीखाली शिरला होतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही कधी बोललाच नाहीत. मी हुंदके देऊन रडलो, मामाजी, आणि ते रडणं खरं होतं.

सगळ्यांचे डोळे पुसून झाल्यावर इंद्रजितनं कार्ड उलटं केलं आणि मागची बारीक ओळ मला वाचायला दिली. हमी मूळ खरेदीदाराच्या हयातीपुरती. हयात संपली, हमी संपली. वारसाचा त्यात संबंध नाही. म्हणजे ज्यासाठी मी तुम्हाला वर पाठवलं तेच तुमच्याबरोबर वर गेलं. आणि नुसता बत्तीसचा पाना नाही, अख्खी पेटी, कारण बिल एकच. त्यानं जड हातानं कॉम्प्युटरात ‘खरेदीदार मयत’ असं टाकलं. पण कंपनीचं शिस्तीचं काम पाहा, नोंद लगेच पक्की होत नाही. पुढच्या शिबिरापर्यंत कोणाची हरकत आली तर ऐकतात, त्या दिवशी दुपारी कागद लुधियानाला जातो. ते शिबिर म्हणजे येता सोमवार. नियम करणाऱ्यानं कधीतरी माझ्यासारखा जावई पाहिला असणार.

घरी आलो तोवर बातमी माझ्या आधी पोचली होती. बबनरावांनी मेकॅनिक लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा फोटो टाकला होता, तोच, पांढऱ्या फेट्यातला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि दोन्ही बाजूंना पेटत्या पणत्या. फोटोत तुम्ही फार रुबाबदार दिसता. उर्वशीला तीन जणांचे सांत्वनाचे फोन येऊन गेले होते, आणि त्या तीन फोनांच्या मधल्या वेळात तिनं मामीजींना फोन करून तुम्ही जेवायला बसला आहात याची खात्री करून घेतली होती. मी दारात पाय ठेवला. ती रागावली की आपल्या गोरबोलीत सुरू होते, त्या दिवशी मात्र एक शब्दही हुकू नये म्हणून सावकाश मराठीत बोलली. ‘माह्या बापाले मारून आले, अन् पाना बी नाही आनला?’ त्यानंतर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी लखीराम झेंडूचा हार घेऊन गॅरेजमध्ये आला आणि पेटीला घालून, नमस्कार करून गेला. तो मी काढला आहे. (दुसऱ्या दिवशी.)

ग्रुपवर मी लगेच खुलासा टाकणार होतो. चार वेळा लिहिला आणि चार वेळा पुसला. ‘मामाजी जिवंत आहेत’ असं लिहिलं की पुढे ‘मग तू असं का सांगितलंस’ हे येणार, आणि त्याचं उत्तर बत्तीसचा पाना हे आहे. दोनशे मेकॅनिकांना ते पटलंही असतं, पण तुमच्या आधी त्यांना सांगावं हे मला बरं वाटलं नाही. शिवाय खरं सांगायचं तर ग्रुपवर तुमच्याबद्दल लोक अजून लिहितायत आणि मी ते रोज वाचतो. एकानं लिहिलंय की रामसिंग उस्तादांच्या हातून सुटलेला नट पुन्हा कधी गंजला नाही. एकानं नुसतं तुमच्या शिव्या लिहिल्यात, तीन ओळी, आणि शेवटी रडका चेहरा. माणसाला जिवंतपणी हे सगळं ऐकायला मिळत नाही. तुम्हाला मिळेल. छापून ठेवलं आहे, आलात की देतो.

तेव्हा सोमवारी याच. आम्ही दोघं रविवारीच घाटंजीला येतो, सकाळी तिथून सोबत बसनं जाऊ. बबनरावांना मी आधी दुकानात जाऊन, पाण्याचा ग्लास हातात देऊन, हळूहळू सांगतो, मग तुम्ही आत या. एकदम आत येऊ नका, त्यांचंही वय झालंय. बत्तीसचा नवा पाना मिळाला तर उत्तम, तो मी तुमच्याच हातानं पेटीत ठेवून घेईन. काठी आणायची असेल तर आणा, पण ती बसायच्या कामाला. मामीजींना नमस्कार सांगा. त्यांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, कारण त्यांच्या बाबतीत मला काहीच सुचत नाही.

तुमचा आज्ञाधारक जावई,
गोपाल

ता.क. पांढरा फेटा बांधून या. ग्रुपवरच्या फोटोशी चेहरा जुळला की आधारकार्ड फार पाहणार नाहीत.

ता.क. २. वर मी लिहिलं की इंद्रजितनं भिंग लावून पाहिलं. काय दिसलं ते लिहिलं नाही. सगळे चहा पीत होते तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन ती जागा दाखवली. तुटलेल्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग आतून काळा होता, जुना गंज. उरलेली रेघ तेवढी ताजी, चकचकीत. तो म्हणाला की हा पाना परवा तुटला, पण तडा दहा-बारा वर्षांपूर्वी गेला, आणि असा तडा पाइप लावल्याशिवाय जात नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी या पेटीची किल्ली तुमच्या करदोट्याला असायची, मामाजी. दुसऱ्या कोणी बत्तीसला हात लावलेला मी पाहिला नाही. इंद्रजितनं लेखणी काढली, पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाला, ‘जो चला गया, उसके बारे में ये नहीं लिखते.’ म्हणजे तुम्ही हयात निघालात तर त्याला ते विचारावं लागेल, आणि तुम्ही खोटं बोलणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून म्हणतो, मन नसेल तर येऊ नका. हमी गेली तर जाऊ द्या. त्या दुकानात तुमच्या नावानं उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत, एका पान्यासाठी त्यांच्यासमोर तुमची मान खाली गेलेली मला चालणार नाही. माझ्यासाठी तुम्ही उस्तादच आहात. तडा गेलेल्या पान्यानं तुम्ही पुढे इतकी वर्षं काम ओढलंत, हे तर मला आणखीच मोठं वाटतं.

ता.क. ३. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. काळा भाग तुमचा असेल तर चकचकीत रेघ माझी आहे. पाइप मी लावला होता. लखीरामनं चष्मा न लावताही बरोबरच पाहिलं. तेव्हा सोमवारी याच, दोघं मिळून इंद्रजितला सांगू, मग तो देईल ते घेऊ. बसमध्ये मला फक्त एका गोष्टीचं उत्तर द्या. तो पाइप मी कुठून बाहेरून आणला नव्हता. तुमच्याच पेटीच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, तेल लावलेल्या गोणपाटात नीट गुंडाळून ठेवलेला सापडला, आणि बत्तीसच्या दांड्यावर तो अगदी मापात बसला.